साल चुकलं की सगळं चुकलं: लष्करी मिनिएचर रंगवताना या चुका टाळा

फिगरच्या (रंगवायच्या छोट्या मूर्तीच्या) तळावरच्या नावाच्या पट्टीवर ‘वॉटर्लू, १८१५’ असं लिहिलं की तो एक दावा झाला. शाकोपासून (उंच लष्करी टोपीपासून) बुटापर्यंतची प्रत्येक वस्तू त्या दाव्याशी जुळली पाहिजे. गणवेशातल्या बहुतेक चुका हात कच्चा असल्यामुळे होत नाहीत. ‘नेपोलियनच्या काळातला सैनिक’ एवढंच ठरवून बसलं, की एका चित्रातला कोट, दुसऱ्यातली टोपी आणि तिसऱ्यातलं पदक एकाच माणसाच्या अंगावर चढतं. म्हणून प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून काढा: साल, मोहीम, पलटण, हुद्दा.

साल चुकण्याचे नेहमीचे प्रकार

वॉटर्लूच्या रणांगणावर उभा असलेला ब्रिटिश सैनिक आणि त्याच्याच छातीवर वॉटर्लू पदक! लढाई जून १८१५ची, पदकं वाटली गेली १८१६ मध्ये. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या ब्रिटिश पलटणीच्या हातात आजचा युनियन जॅक दिला जातो. त्यातला सेंट पॅट्रिकचा तिरपा लाल क्रॉस १८०१ मध्ये आला. १९४२च्या शरद ऋतूतल्या स्टालिनग्राडमधल्या सोव्हिएत सैनिकाच्या खांद्यावर पट्ट्या दिसतात. त्या जानेवारी १९४३च्या हुकुमाने आल्या, तोवर हुद्दा कॉलरवर असायचा. सीझरच्या गॉल मोहिमेतल्या सैनिकाला पत्र्याच्या पट्ट्यांचं चिलखत चढवतात, तिथे कड्यांचं हवं.

उलट बाजूचीही चूक होते. हुकूम निघाला म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं सैन्य नव्या कपड्यांत दिसलं असं कधीच होत नाही. फ्रेंच पायदळाचा कमरेपर्यंत बंद होणारा, आखूड शेपटीचा कोट १८१२च्या नियमांतला आहे. पण त्याच वर्षी रशियात गेलेल्या बहुतेकांच्या अंगावर जुनाच, पुढून कापलेला लांब शेपटीचा कोट होता. नियमाची तारीख आणि माल हातात पडण्याची तारीख वेगळी धरा.

मूर्तिकाराची चूक रंगाने झाकत बसू नका. सुटे भाग रंगाआधी न चिकटवता जोडून बघा. टोपी किंवा तलवारीची मूठ चुकली असेल तर दोन घटकांच्या इपॉक्सी पुट्टीने दुरुस्ती याच टप्प्यावर होते. ती जमणार नसेल तर तळावरची पट्टी बदला, ते कितीतरी सोपं. १८१२चा, पुढची बाजू उंच असलेला ब्रिटिश शाको हवा होता आणि फिगरला जुना नळकांडी शाको आहे? वॉटर्लूला ब्रिटिशांच्या २८व्या पलटणीने तोच घातला होता. कॉलर आणि कफ पिवळे करा, काम झालं.

रंग कुठून उचलला

इथे सगळ्यात जास्त वाद होतात आणि सगळ्यात कमी विचार होतो. संग्रहालयातला कोट दोनशे वर्षं उजेड खाऊन फिका पडलेला असतो. त्याचा मूळ रंग शिवणीच्या आत, कॉलरखाली, दुमडीत शोधावा लागतो. जुन्या लढाया पुन्हा उभ्या करणाऱ्या हौशी पथकांचे गणवेश आजच्या रासायनिक रंगात रंगवलेल्या कापडाचे असतात, त्यामुळे फोटो कितीही स्पष्ट असला तरी छटेचा पुरावा म्हणून तो कमजोर. जुन्या कृष्णधवल फोटोंचा धोका वेगळाच. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून लाल जवळपास काळा येतो आणि निळा फिका. पहिल्या महायुद्धातल्या फोटोवरून ‘काळी पट्टी’ ठरवण्याआधी हे आठवा.

ब्रिटिश लाल कोटाचंच घ्या. साध्या शिपायाचं कापड मॅडर मुळाच्या रंगाचं, म्हणजे विटकरीकडे झुकणारं. अधिकाऱ्याचं कापड कोचिनील किड्यापासून काढलेल्या रंगाचं, झळझळीत. दोघांना एकाच बाटलीतून रंगवलं की हुद्द्यातला फरकच पुसला जातो. शिपायासाठी तीन भाग लाल, एक भाग लालसर तपकिरी. अधिकाऱ्यासाठी शुद्ध शेंदरी. सावलीसाठी त्यातच गडद तपकिरी किंवा थेंबभर गडद हिरवा मिसळा. उजळ कडांसाठी नारिंगी किंवा त्वचेचा रंग घ्या. पांढरा घातला की कोट गुलाबी झालाच म्हणून समजा.

गडद निळ्याची अडचण वेगळी. फ्रेंच कोटाचा निळा मूळ कापडाशी तंतोतंत जुळवला तर १/७२ मापात (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या फिगरवर) तो काळा दिसतो, कारण एवढ्याशा पृष्ठभागावरून उजेडच कमी परततो. मूळ छटेत राखाडी-निळा पाचव्या हिश्श्यापर्यंत मिसळा; ५४ मिलिमीटर उंचीच्या फिगरला दहावा हिस्सा पुरतो. अॅक्रिलिक सुकल्यावर एक छटा गडद होतं, म्हणून प्रायमर मारलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर आधी पट्टा ओढून बघा.

धातू, पट्टे, घोडा

ब्रिटिश शिपायाची बटणं प्यूटर या मिश्रधातूची, म्हणजे रुपेरी. फ्रेंच लाइन (नेहमीच्या) पायदळाची पिवळी, त्यांच्याच हलक्या पायदळाची पांढरी. ब्रिटिश पायदळ अधिकाऱ्याच्या कोटावर बटणं, लेस (शोभेची फीत) आणि एपॉलेट (खांद्यावरचे शोभेचे पट्टे) एकाच धातूचे, सगळं सोनेरी नाहीतर सगळं रुपेरी. मस्केटची (त्या काळच्या लांब बंदुकीची) नळी काळी करू नका, ती घासून चकचकीत ठेवलेली असे. ब्रिटिश बेकर रायफलची नळी मात्र तपकिरी. ब्राउन बेस या ब्रिटिश मस्केटचे जोड पितळी, फ्रेंच लाइन मस्केटचे लोखंडी.

काडतुसांची पेटी उजव्या कुल्ल्यावर, संगीन डाव्या. पट्ट्यांची तिरकस दिशा त्यावरून तपासा.

बे (तपकिरी अंगाच्या) घोड्याची आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा असतो. चेस्टनटला (तांबूस घोड्याला) काळं काही नसतं. अंग बेचं आणि शेपूट तपकिरी असा घोडा स्पर्धेत सर्रास दिसतो.

मापाबाहेरचा तपशील

बारा मिलिमीटर रुंदीची लेस १/३२ मापात ०.४ मिलिमीटरची होते, २८ मिलिमीटरच्या फिगरवर साधारण ०.२. तिच्यातली पलटणीची रंगीत रेघ तिथे काढायला गेलात तर लेस दुप्पट जाड होणार. रेघ खरी, पण माप खोटं. लहान मापात लेसच्या पांढऱ्यात त्या रेघेच्या रंगाचा थेंब मिसळा आणि पुढे चला.

चिखलही पुराव्याने लावा. पोटऱ्यांच्या आतल्या बाजूवर तो जास्त बसतो, ओला गडद आणि सुकलेला फिका. बूट चिखलाने माखलेले आणि तळावर हिरवंगार कोरडं गवत, हे कसं?

मॅट व्हार्निश दमट हवेत फवारलं तर पांढुरकी साय धरते. धातूचे रंग त्यानंतर लावा, नाहीतर सगळी चमक मरते.

टीका करताना आणि घेताना

‘लाल चुकलाय’ ही टीका नव्हे. तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिली, वस्तुस्थितीची चूक: ‘१८१५ला हे पदक नव्हतं’, इथे पुरावा दाखवायचा. दुसरी, अर्थ लावण्याचा फरक: रोमन सैनिकाचा अंगरखा लाल की कच्च्या लोकरीचा, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, तिथे निकाल देऊ नये. तिसरी, हाताचं कौशल्य: कडा, मिश्रण, डाग. कफ अप्रतिम रंगवलेत म्हणून त्यांचा चुकीचा रंग माफ होत नाही, आणि संशोधन पक्कं आहे म्हणून खरबरीत थर चालत नाहीत.

फोटोवरून छटेवर बोलायचं तर फोटो धड हवा: मागे मध्यम राखाडी कागद, सुमारे ५५०० केल्विनचा दिवा, व्हाइट बॅलन्स त्याच राखाडीवर, फिल्टर बंद. पिवळ्या दिव्याखालच्या फोटोवर ‘तुमचं पांढरं क्रीम झालंय’ म्हणण्यात अर्थ नाही. फोटो टाकणाऱ्याने साल, पलटण आणि ज्यावर भिस्त ठेवली तो पुरावा सोबत लिहावा, म्हणजे अर्धे वाद तिथेच मिटतात.

चूक दाखवली गेली आणि फिगर व्हार्निश झालेली असेल तरी तळापासून सगळं काढायची गरज नसते. मॅट व्हार्निशवर अॅक्रिलिक नीट बसतं. लाल कफ पिवळे करायचे असतील तर पिवळा थेट लावू नका, खालचा लाल वर डोकावून तो नारिंगी दिसेल. आधी फिकट मातकट रंगाचा एक झाकणारा थर द्या, तो पूर्ण सुकला की पाण्याने निम्मा पातळ केलेल्या पिवळ्याचे दोन-तीन थर द्या आणि शेवटी तेवढ्याच भागावर ब्रशने मॅट व्हार्निश लावा.