शेजाऱ्यांसोबत परसबाग वाटून घेताय? या चुका टाळा

एकाच्या गच्चीवर ऊन भरपूर, दुसऱ्याच्या अंगणातली माती कसदार, तिसऱ्याकडे हाताशी वेळ. अशा तीन-चार घरांनी मिळून भाजी पिकवायची ठरवली की इतकी वर्षं नुसती मान हलवून पुढे जाणारी माणसं एकमेकांच्या दारात थांबून बोलू लागतात. म्हणूनच त्याच त्या चुकांपायी हा घाट मोडताना पाहिला की जीव तुटतो. भांडणाचं मूळ शोधायला जावं तर बहुतेक वेळा घाईच सापडते.

रोपाबरोबर रोगही वाटणं

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. आमच्या इथे एका उत्साही शेजाऱ्याने आपल्या जुन्या वाफ्यातली वांग्या-टोमॅटोची रोपं मातीच्या गोळ्यासकट उपटून घरोघर वाटली. सगळ्यांनी कौतुकाने लावली. पुढे झाडं खुरटली. दुपारी माना टाकायची, संध्याकाळी थोडी सावरायची. कुणी पाणी वाढवलं, कुणी खताचा मारा केला. मूळ बघावं असं मात्र कुणालाच वाटलं नाही. शेवटी एक झाड उपटून मुळं बादलीत धुतली, तर ती मण्यांची माळ ओवल्यासारखी जागोजागी सुजलेली. सूत्रकृमी! नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे जीव मातीच्या एवढ्याशा गोळ्यातून प्रत्येक घरी पोचले होते. ते टोमॅटो-वांग्यावर थांबत नाहीत. भेंडी आणि काकडी-भोपळ्याच्या वेलांनाही धरतात.

त्यानंतर जी धावपळ झाली, तिने आणखी नुकसान केलं. एका घरी चवळीच्या मुळांवर गाठी दिसल्या म्हणून अख्खी रांग उपटून कचऱ्यात गेली. त्या गाठी चांगल्या जिवाणूंच्या होत्या, हवेतला नत्र झाडाला मिळवून देणाऱ्या. फरक ओळखणं अवघड नाही. शेंगवर्गीय झाडाची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने अलगद सुटते आणि काम करत असेल तर आतून गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे खुद्द मूळच फुगलेलं. ती सुटी होत नाही.

तेव्हापासून मी कुणाकडूनही मातीसकट रोप घेत नाही आणि देतही नाही. बी द्यावं, नाहीतर ताज्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, ट्रेत वाढवलेलं रोप द्यावं. बाहेरून आलेलं रोप दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवते आणि रोज पानं उलटून बघते. पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात बसतो, पांढरी माशी पानाखाली. बाधित वाफ्यावर एका फवारणीत उपाय शोधणारे पुष्कळ भेटतात. तसा उपाय नाही. कडक उन्हाळ्यात वाफा चांगला भिजवून पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाकायचा आणि 4 ते 6 आठवडे हात लावायचा नाही. त्यानेही सूत्रकृमी कमी होतात, नाहीसे होत नाहीत. खोलवरचे वाचतात.

कात्रीचंही तेच. दुसऱ्याच्या बागेतून आलेली कात्री स्पिरिटने पुसल्याशिवाय माझ्या झाडाला लागत नाही. तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटोला स्पर्श करू नये, त्या हातांवरून विषाणू झाडावर जाऊ शकतो. हे तोंडावर सांगायला संकोच वाटतो, पण सांगावं.

सगळ्यांनी एकाच दिवशी तेच पेरणं

उत्साहाच्या भरात सगळी घरं एकाच रविवारी भेंडी आणि दुधी लावतात. मग एकदमच भेंडी येते, प्रत्येक जण दुसऱ्याच्या दारात पिशवी ठेवतो आणि देणं-घेणं ओझं होऊन बसतं. दुधीचा एक जोमदार वेल तीन-चार घरांना पुरतो. तो एकाच घरी असावा. पालेभाजी दर दोन-तीन आठवड्यांनी वेगळ्या घरी पेरावी. आम्ही जिन्याजवळ एक कागद लावतो: कोण, काय, कधी. पेरणीच्या आधी व्हॉट्सॲप ग्रुप काढून त्याच्या नावावर चर्चा करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की आधी हा कागद भरा.

याचाच दुसरा भाग तोडणीचा. गावाला जाताना लोक शेजाऱ्याला “पाणी घाला” सांगतात, “तोडून न्या” सांगत नाहीत. भेंडी एक दिवसाआड तोडली नाही तर जून होते. काकडी, घेवडा झाडावरच पिकू दिला की झाड नवीन फळ धरणं कमी करतं. संकोचापोटी न तोडणारा शेजारी नकळत तुमच्या वेलाचं नुकसान करत असतो. बियाण्यासाठी राखलेल्या फळाला लाल दोरा बांधा, बाकीचं खुलं आहे असं स्पष्ट सांगा.

बाकीच्या, थोडक्यात

संकरित वाणाचं बी धरून वाटू नका. पुढची पिढी आईसारखी निघेलच असं नाही.

दुधी किंवा काकडी कडू लागली तर ती शिजवून खपवू नका, कुणाला देऊ तर मुळीच नका. त्यातलं कडू द्रव्य शिजवून जात नाही आणि माणूस गंभीर आजारी पडू शकतो. मी देण्याआधी एक बारीक चकती जिभेला लावून बघते. कडू निघाली की थुंकायची, फळ कचऱ्यात.

फवारणी केली असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत भाजी वाटायची नाही. औषध घरगुती असलं तरी शेजाऱ्याला सांगायचं.

सामाईक खतखड्ड्यात सगळे ओला कचरा टाकतात, सुका पाला कुणीच आणत नाही. मग वास, माश्या आणि तक्रारी. एक बादली ओल्याला दोन-तीन बादल्या सुका पाला लागतो. पाल्याचं पोतं खड्ड्याशेजारीच ठेवा. ते रिकामं असेल त्या दिवशी ओला कचरा आत जाणार नाही, हा नियम आम्ही कधी सोडत नाही.

आणि गच्ची सामाईक असेल तर कुंड्या चढवण्याआधी वजनाचा हिशेब करा. ओली माती लिटरला साधारण दीड किलो भरते. 20 लिटरच्या 100 पिशव्या म्हणजे 3 टन. इमारतीच्या जाणकाराला विचारून, त्याने दाखवलेल्या जागीच त्या मांडा.