सुट्टीच्या एका दिवसात वसईचं जुनं शहर कसं बघायचं

बहुतेक लोक वसई किल्ल्यात जातात, दोन कमानींखाली फोटो काढतात आणि तासाभरात परत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तो नुसता किल्ला नाहीये, तटबंदीच्या आत वसलेलं अख्खं शहर आहे, रस्ते, चर्च, मठ, विहिरी सगळं असलेलं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं इथे त्यांचं राज्य होतं. त्यामुळे शहर बघायला निघालोय असं समजूनच निघा.

आधी जायचं कसं ते. विरार लोकल पकडून वसई रोडला उतरायचं, वेस्टला बाहेर आलात की किल्ला बंदरची बस मिळते, नाहीतर रिक्षा आहेच. रविवार असेल तर रेल्वेचा ब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद आहेत का, ते आदल्या रात्रीच बघून ठेवा. गाडी किंवा बाईक असेल तर भाईंदरहून रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट घ्या, हायवेचा वळसा वाचतो आणि थेट किल्ल्याच्या धक्क्यावरच उतरता, फक्त वेळा आधी बघा. डिसेंबर-जानेवारी बेस्ट. पावसात हिरवंगार दिसतं पण दगड खूप निसरडे होतात. पाणी, टोपी आणि बूट हवेतच, आणि आठच्या आत पोचलात तर ऊन चढायच्या आधी निम्मं बघून होतं.

आता फिरायचा क्रम. जमिनीकडच्या दरवाजातून सुरुवात करा आणि समुद्राकडच्या दरवाजाला संपवा, म्हणजे शहर नीट उलगडत जातं. डांबरी रस्ता मधून जातो पण खरी मजा त्याच्या दोन्ही बाजूंच्या पायवाटांवर आहे. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये गेलात की खाली बघून चाला, जमिनीत थडग्यांच्या फरशा आहेत, त्यावर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली आहेत, त्यावर पाय न देता बाजूने जा. जेझुइट चर्चचा दर्शनी भाग अजून बऱ्यापैकी शाबूत आहे, तिथे निवांत थांबा. गोन्सालो गार्सिया हे वसईतच जन्मले, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रूसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत घोषित झाले, आणि इथल्या ख्रिस्ती लोकांच्या मनात त्यांना आजही मोठं स्थान आहे.

मग नागेश्वराचं देऊळ आणि पोर्तुगीजांकडून हा किल्ला घेणाऱ्या चिमाजी अप्पांचं स्मारक. १७३९ चा वेढा समजून घ्यायचा असेल तर तटाकडे बघत उभं राहा, तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला जमीन, तिथूनच मराठ्यांनी सुरुंग लावून बुरूज उडवले आणि मे महिन्यात किल्ला घेतला, माणसं खूप गेली दोन्हीकडची. इथल्या चर्चच्या घंटा मग ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या, भीमाशंकरची, मेणवलीची, नाशिकच्या नारोशंकराची घंटा बघितली असेल तर ती याच मोहिमेतली मानतात.

शेवटी सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याजवळून समुद्राकडच्या दरवाजातून बाहेर पडा की समोर खाडी आणि किल्ला बंदरचा कोळीवाडा. होड्या, जाळी, वलांडीवर वाळणारे बोंबील. लोकांची घरं आहेत ती, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. पडक्या भिंतींवर चढू नका, नावं कोरू नका, आणि कचरा परत बॅगेत.

जेवायला पार नाक्याकडे या. तिथल्या बाजारात सुकेळी मिळाली तर नक्की घ्या, राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, पाकीट घरी न्यायलाही सोपं. पाय दुखत नसतील तर संध्याकाळी सुरुची बागेच्या किनाऱ्यावर जा, सुरूच्या झाडांखाली सावली चांगली असते. नाहीतर सरळ स्टेशन गाठा, आणि परतताना वसईहूनच सुटणारी लोकल मिळाली तर तीच पकडा, खिडकीची सीट मिळते.