गाय माजावर येईना? इंजेक्शनआधी या चुका टाळा

ऊसतोड सुरू झाली की सांगली-साताऱ्याकडच्या गव्हाणीत वाढ्यांशिवाय, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांशिवाय, दुसरं काही दिसत नाही. मग थोड्याच दिवसांत ‘डॉक्टर, गाय माजावर येईना’ असे फोन सुरू होतात.

वाळवा तालुक्यातल्या एका गोठ्यात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय होती. व्यायल्याला चार महिने झालेले, हॉर्मोनचं इंजेक्शन दोनदा टोचून झालेलं. मालक म्हणाले, “आता जरा जोरातलं द्या.” या घाईचा मला मनस्वी राग येतो. जीएनआरएच या हॉर्मोनचं इंजेक्शन म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला धाडलेला निरोप. तो पोचला की तिथल्या पेशींत कॅल्शियमच्या आयनांची पातळी वाढते, तेव्हा कुठे एलएच हे बीज सोडायला लावणारं हॉर्मोन रक्तात सुटतं. पण एलएचनं फुटायला अंडाशयात तयार पुटक (बीज वाढवणारा फोड) हवं, आणि ते वाढायला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात गाईनं काय खाल्लं, ते आधी बघा.

या गाईच्या पुढ्यात नुसते वाढे. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, ते शेणावाटे जातं. उरलेलं कॅल्शियम दुधावाटे जातं. खनिज मिश्रणाची पिशवी कोपऱ्यात ओल लागून दगड झालेली. तिसरं इंजेक्शन मी दिलं नाही. वाढे निम्म्यावर आणले, त्यांवर चुन्याची निवळी शिंपडायला लावली, जोडीला कडबा आणि रोज आंबोणातून 50 ग्रॅम ताजं मिश्रण. मालक नाराजच होते. उन्हाळा लागता लागता गाय माजावर आली, सोट (माजाचा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ.

तांबं कमी पडलं की माज लांबतो, हे ऐकून काहीजण मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) चारतात. अजिबात नको. चाऱ्यात मॉलिब्डेनम आणि गंधक जास्त असलं तरी तांबं अंगी लागत नाही, म्हणून आधी कारण शोधा. जतकडच्या मेंढपाळांना तर हात जोडून सांगतो, गाईचं तांबं असलेलं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका. मेंढीच्या यकृतात तांबं गुपचूप साठत जातं, मग एके दिवशी रक्तपेशी फुटतात. कावीळ, काळपट-लाल लघवी, आणि मेंढी हातची जाते.

हाडं वर आलेल्या गाईला नुसत्या खनिजांनी माज येणार नाही. आधी पोटभर चारा, पेंड.

कॅल्शियम तपासायचं असेल तर जांभळ्या टोपणाची नळी वापरू नका. तिच्यातलं ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन कॅल्शियम पकडून ठेवतं आणि धडधाकट गाईचा रिपोर्टही शून्याजवळ येतो. लाल टोपणाची नळी घ्या, रक्त गोठू द्या, वर सुटलेलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, पाठवा.