चेहऱ्याच्या नसेची कळ: ओळखायची कशी आणि आटोक्यात आणायची कशी

तोंड धुताना गालाला हात लागला, घास चावला किंवा नुसती वाऱ्याची झुळूक आली, की विजेचा शॉक बसल्यासारखी कळ जबड्यातून सणकते आणि काही सेकंदांत थांबते. असं होत असेल तर आधी ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा संशय घ्यावा. यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन घेत आठवडे घालवण्यात अर्थ नाही. यासाठी औषधंच वेगळी आहेत आणि ती बहुतेकांना लागू पडतात.

ट्रायजेमिनल म्हणजे चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी मेंदूची पाचवी नस. तिच्या तीन शाखा आहेत: पहिली कपाळ आणि डोळ्याची, दुसरी गाल, वरचा ओठ आणि वरच्या दातांची, तिसरी खालचा जबडा आणि खालच्या ओठाची. कळ बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या शाखेत येते आणि तीही एकाच बाजूला. (तोंड वाकडं होतं तो विकार सातव्या नसेचा. त्याचा याच्याशी संबंध नाही.) बऱ्याच रुग्णांमध्ये नस मेंदूला जिथे मिळते तिथे एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकलेली असते. सतत ठोके बसून नसेवरचं आवरण झिजतं आणि उघड्या पडलेल्या तारा एकमेकींना चिकटाव्यात तसा हलक्या स्पर्शाचा संदेश वेदनेच्या तंतूंमध्ये शिरतो. म्हणूनच जोरात दाबल्यावर काही होत नाही, पण केसाच्या स्पर्शाने माणूस कळवळतो.

दात काढण्याआधी

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. कळ दाढेत जाणवते, दाढ काढली जाते, कळ तशीच राहते, मग शेजारची दाढ काढली जाते. दाताचा ठणका बराच वेळ टिकतो, गरम-गार लागल्यावर वाढतो, रात्री झोपू देत नाही. नसेची कळ क्षणभर ते फार तर दोन मिनिटं टिकते, ठरावीक जागी हलका स्पर्श झाला की येते, मधल्या वेळात बहुतेकांना काहीच दुखत नाही आणि झोपेत सहसा त्रास देत नाही. तडा गेलेला दातही चावताना क्षणभर चमकतो, त्यामुळे दंतवैद्याकडून तपासणी जरूर करून घ्या. मात्र एक्स-रे आणि तपासणीत दात निर्दोष निघाला तर तो काढू देऊ नका, रूट कॅनलही नको. थेट न्यूरोलॉजिस्टकडे जा.

जाण्याआधी एक वही ठेवा. कळ कुठून कुठे गेली, किती सेकंद टिकली, कशाने सुरू झाली, दिवसात किती वेळा आली, एवढं रोज लिहा. हे निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होतं, त्यामुळे ही वही तपासणीइतकीच मोलाची आहे. एमआरआय मात्र एकदा हवाच: गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) नाही ना हे बघायला, आणि नसेवर रक्तवाहिनी टेकली आहे का ते कळायला.

पुढीलपैकी काही असेल तर थांबू नका: चेहरा बधिर होणं, त्या बाजूचं ऐकू कमी येणं, दोन्ही बाजूंना कळ, चाळिशीच्या आत सुरुवात, नजर अधू होणं. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी, डोक्याची कातडी हुळहुळणं आणि चावताना जबडा भरून येणं हे रक्तवाहिनीच्या दाहाचं लक्षण असू शकतं. त्यात डोळा कायमचा जाऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गोळी कशी घ्यायची

पहिलं औषध कार्बामाझेपिन. साधारणपणे १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करतात आणि दर काही दिवसांनी १०० ते २०० मिलीग्रॅमने वाढवतात. बहुतेकांना दिवसाला ४०० ते ८०० मिलीग्रॅम पुरतं. १२०० ही कमाल मर्यादा. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, पण तो असा पायरीपायरीने चढतो हे माहीत असावं. कारण पहिल्या दोन दिवसांत फरक पडला नाही म्हणून गोळी सोडणारे पुष्कळ असतात. दुसरी चूक म्हणजे कळ आल्यावर गोळी घेणं. कळ दोन मिनिटांत संपते, गोळी रक्तात चढायला तास लागतात. ही गोळी कळ येऊच नये म्हणून असते, त्यामुळे ती घड्याळाप्रमाणेच घ्यायची.

तीन ते पाच आठवड्यांनी एक गोष्ट हमखास घाबरवते: चांगला लागू पडलेला डोस अपुरा वाटू लागतो. आजार बळावलेला नसतो. हे औषध यकृताला स्वतःचाच निचरा लवकर करायला लावतं, त्यामुळे रक्तातलं प्रमाण घटतं. डोस थोडा वाढवावा लागतो, एवढंच.

सुरू करण्याआधी रक्तपेशी, यकृत आणि सोडियम तपासून घ्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. आशियाई वंशाच्या लोकांनी एचएलए-बी १५०२ ही जनुकीय चाचणी करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह आली तर हे औषध कातडी सोलवटून टाकणारी, जिवावर बेतणारी प्रतिक्रिया देऊ शकतं. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांना गाठा. झापड, तोल जाणं आणि एकाची दोन दिसणं म्हणजे डोस जास्त होतोय किंवा फार वेगाने वाढवला गेलाय. तोवर गाडी चालवू नका. ग्रेपफ्रूट आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स याचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. उलट गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांचा परिणाम हे औषध कमी करतं. गर्भारपणाचा विचार असेल तर आधीच सांगा.

हे सोसत नसेल तर ऑक्सकार्बाझेपिन आहे. ते बऱ्याच जणांना अधिक मानवतं, पण सोडियम जास्त उतरवतं. गोंधळल्यासारखं वाटणं आणि मळमळ ही त्याची खूण. त्यापुढे बॅक्लोफेन, लॅमोट्रिजिन, गॅबापेंटिन, प्रेगाबालिन.

रोजचा दिवस

वहीतून तुमची चांगली वेळ शोधा आणि जेवण, दात घासणं, दाढी त्या वेळेत बसवा. उठल्याउठल्या कळ येत असेल तर रात्री लांब टिकणारी गोळी देता येईल का, ते विचारा. अशी गोळी कुटून किंवा चावून घ्यायची नाही. कळ येऊन गेल्यावर काही सेकंद ते मिनिटं नस शांत असते आणि स्पर्शाने पुन्हा पेटत नाही. तेवढ्यात चार घास किंवा ब्रशचे दोन हात उरकता येतात. ब्रश लहान मुलांचा, अगदी मऊ दातांचा, पाणी कोमट. बाहेर पडताना गाल ढिल्या मऊ कापडाने झाका. खाणं मऊ आणि कोमट ठेवा, दुखऱ्या बाजूने चावू नका. वजन आठवड्याला मोजा, कारण भीतीपोटी खाणं सुटतं आणि ते वेळेवर लक्षात येत नाही.

कळांचा मारा थांबेना, पाणी आणि गोळीही गिळता येईना, तर घरी थांबू नका. रुग्णालयात सलाईन लावून शिरेतून फॉस्फेनिटॉइन देता येतं, आणि दुखऱ्या शाखेत भूल दिली की काही तास उसंत मिळते. जगणं नकोसं होतंय असा विचार आला तर तोही त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. या वेदनेत तो येतो, आणि ही औषधंही क्वचित मन खचवतात.

शस्त्रक्रियेचा विचार कधी

दोन औषधं पुरेशा डोसने देऊनही कळ उरली, किंवा झापडीमुळे कामच होईना, तर न्यूरोसर्जनला भेटा. वर्षानुवर्षं गोळ्या वाढवत बसणं बरं नाही. नसेवर रक्तवाहिनी टेकलेली दिसत असेल आणि तब्येत चांगली असेल तर कानामागून कवटी उघडून दोघींमध्ये टेफ्लॉनचा कापूस ठेवतात. दहातल्या सुमारे नऊ जणांना लगेच आराम पडतो. दहा वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के वेदनामुक्त असतात. त्या बाजूचं ऐकू कमी होणं आणि मेंदूभोवतीचं पाणी पाझरणं हे यातले धोके. मोठी शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर गालातून सुई घालून नस उष्णतेने, ग्लिसरॉलने किंवा फुग्याने दुबळी करतात. आराम पटकन मिळतो, पण गाल बधिर होतो आणि काही वर्षांत कळ परतू शकते. पहिल्या शाखेवर परिणाम झाला तर डोळ्याला कचरा गेलेला कळत नाही, म्हणून डोळा रोज आरशात बघावा लागतो. गॅमा नाइफ या पद्धतीत नसेवर नेमके किरण सोडतात, त्यात कापाकापी लागत नाही. फरक पडायला आठवडे ते महिने जातात, तोवर गोळ्या चालूच ठेवायच्या.

सलग एक-दोन महिने कळ आली नाही तर डॉक्टरांना विचारून गोळी उतरवता येते, दर एक-दोन आठवड्यांनी १०० मिलीग्रॅम. एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. उतरवताना कळ परतली तर आधीच्या पायरीवर परत जा. काही महिने किंवा वर्षं गोळी पूर्ण बंद राहून मग कळ आली, तर उरलेल्या पाकिटातला जुना मोठा डोस सुरू करू नका. शरीराची सवय मोडलेली असते, म्हणून पुन्हा १०० पासूनच चढायचं.