टक्केवारी शून्य का येते?

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना टक्केवारीचा प्रोग्रॅम सगळेच लिहितात आणि बहुतेकांचं उत्तर पहिल्यांदा ० येतं. ५०० पैकी ४३७ गुण. ४३७/५००*१०० लिहिलं, तर आधी भागाकार होतो. दोन्ही इंट, म्हणजे पूर्णांक, म्हणून अपूर्णांक गळतो, उरतं शून्य. मग शंभरने गुणा नाहीतर हजारने!

१०० ने आधी गुणलंत तर ८७ मिळेल, पण दशांश जाईल. शिवाय लॅबमध्ये टर्बो सी हा जुना कंपायलर असेल तर चक्क उणे ४३ दिसेल, कारण तिथे इंट ३२७६७ पर्यंतच जातो आणि ४३७*१०० म्हणजे ४३७०० त्यात मावत नाही. सरळ ४३७*१००.०/५०० लिहा: ८७.४. छापताना पूर्णांकाचं परसेंट-डी (%d) नको, दशांशाचं परसेंट-एफ (%f). आणि टक्क्याचं चिन्ह उमटवायचं तर ते दोनदा टाइप करा.