अण्णांच्या गठ्ठ्यातलं भोपाळ : जुनी कात्रणं कशी सांभाळायची

माझे सासरे, अण्णा, पेपर वाचायला बसायचे ते कात्री घेऊनच. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायुकांडाचा त्यांचा गठ्ठा आमच्या इंदूरच्या घरी आहे. बरीचशी कात्रणं ‘नईदुनिया’ची, हिंदी, थोडी मुंबईहून शिळे होऊन येणाऱ्या मराठी पेपरांची. नात्यातल्या दोन-चार घरांत असेच गठ्ठे निघालेत आणि जो तो मला फोन करून विचारतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

गठ्ठा हातात आला की घड्या उघडायची घाई करू नका. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. (असा कागद बनवणारा नेपानगरचा कारखाना आपल्याच मध्य प्रदेशातला, १९५६ साली नेहरूंनी देशाला अर्पण केलेला.) त्या लगद्यात लिग्निन राहतं. उजेड आणि हवा लागून ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागदाचे तंतू आतून तुटत जातात. घडीवर ताण आधीच पडलेला असतो, म्हणून कागद तिथेच फाटतो. मे महिन्यात इंदुरात असा कागद पापडासारखा कडक झालेला असतो, तेव्हा या कामाला हात घालू नका. पावसाळा सरताना, हवेत थोडा ओलावा असताना बसा.

तरीही घडी उघडत नसेल तर झाकणाचा मोठा डबा घ्या. तळाशी ओला करून घट्ट पिळलेला पंचा, त्यावर उंच जाळी, जाळीवर कात्रण. पाण्याचा थेंबही कागदाला लागायला नको. झाकण लावून काही तास ठेवा, अधूनमधून बघा. कागद मऊ झाला की हलक्या हाताने उघडून दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये, वर जड पुस्तक ठेवून वाळू द्या. कुबट वास येत असेल किंवा काळे ठिपके दिसत असतील तर हा प्रयोग करू नका, बुरशी वाढेल.

गंजलेली टाचणी ओढून काढायची नाही. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये कडक प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा, मग टाचणी सैल करा. जुनी चिकटपट्टी स्वतःहून सुटली तर ठीक, नाहीतर तशीच राहू द्या. ओढलीत की छपाईचा थर तिच्याबरोबर निघतो. नवी चिकटपट्टी तर घरातही आणू नका. खळ लावून वहीत डकवलेली कात्रणं असतील तर अख्खी वहीच जपा, पण तिला कसर लवकर लागते हे ध्यानात ठेवा. खळीवर कसरीचा फार जीव.

आणि लॅमिनेशन? नाही म्हणजे नाही. नात्यातल्या एकांनी इंदिराजींच्या हत्येची कात्रणं हौसेने लॅमिनेट करून घेतली. आता आत कागद तपकिरी होत चाललाय आणि बाहेर काढायची सोय नाही. कागदातलं आम्ल मारायला कात्रण सोडावॉटर आणि मिल्क ऑफ मॅग्नेशियात भिजवायचा जो घरगुती उपाय फिरत असतो, तोही नको. ओल्या वृत्तपत्राचा लगदा व्हायला वेळ लागत नाही, आणि मृतांच्या आकड्यांखाली अण्णांनी केलेल्या लाल बॉलपेनच्या खुणा फुटल्या असत्या त्या वेगळ्याच.

खुणा केलेला आकडा कोणत्या दिवसाचा ते कळायला हवं, म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तारखेचं काम. अण्णा बातमी नीट कापायचे, पण तारीख बहुतेक वेळा वरच्या पट्टीबरोबर रद्दीत जायची. अशा वेळी कात्रण उलटून बघा. माझ्याकडच्या एका तुकड्यावर पुढे भोपाळ आहे आणि मागे मुंबई कसोटी जिंकल्याची अर्धी बातमी, शिवरामकृष्णनच्या बारा बळींची. इंग्लंडविरुद्धची ती कसोटी ३ डिसेंबरला संपली, म्हणजे हा अंक ४ तारखेचा. वायुगळती २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्रीची, तेव्हा सविस्तर बातम्या ४ च्या अंकापासूनच भेटणार. कारखान्याची मालक कंपनी युनियन कार्बाइड, तिचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांना अटक आणि त्याच दिवशी जामीन हे ७ डिसेंबरचं. उरलेला वायू वापरून संपवण्यासाठी कारखाना पुन्हा चालवला ते ‘ऑपरेशन फेथ’ १६ तारखेला सुरू झालं. त्याच्या भीतीने लाखो माणसांनी शहर सोडलं, आमची नणंदही मुलांना घेऊन आमच्याकडे आली होती. मागे निवडणुकीच्या प्रचाराची जाहिरात असेल तर २४ ते २८ डिसेंबरच्या मतदानाच्या आधीचा अंक. म्हणून मागची बाजू निरुपयोगी समजून कुठे चिकटवू नका.

अण्णांनी प्रत्येक बातमीतला मृतांचा आकडा लाल बॉलपेनने अधोरेखित केलाय. तो रोज बदलत गेलाय. पुढे सरकारी हिशोबात आधी २,२५९ आणि नंतर ३,७८७ असे आकडे आले, वायुपीडितांच्या संघटनांचे आकडे त्याहून कितीतरी मोठे. त्यामुळे ‘हा आकडा चुकीचा’ म्हणून एखादं कात्रण टाकून द्यायचं नाही. त्या दिवशी सकाळी लोकांना काय सांगितलं गेलं, ते त्या तुकड्यातच आहे. तारीख काढलीत की ती कशावरून काढली तेही वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा. कात्रणावर काही लिहू नका.

स्कॅन रंगीत करा, ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके). मागे काळा कागद ठेवलात तर पलीकडची छपाई झिरपून दिसत नाही. मागची बाजूही स्कॅन करायची, का ते वर आलंच आहे. फोनने काढणार असाल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद. फायलीच्या नावात वर्ष, महिना, दिवस, पेपर असा क्रम ठेवा. प्रती निदान तीन, त्यातली एक दुसऱ्या गावी राहणाऱ्याकडे.

ठेवणीचं फार अवघड नाही. अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, कागद चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात विचारा; नाहीच मिळाला तर सुती चिंध्यांचा पांढरा हातकागद. दोन कात्रणांमध्ये एकेक कागद, कारण एकाचं आम्ल दुसऱ्यात उतरतं. पॉलिएस्टरची पाकिटं चालतात, पीव्हीसीची नाहीत. मोडी दप्तरं रुमालात बांधत तसं धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून पेटीत आडवं ठेवा. पेटी माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला लागूनही नको. डांबराच्या गोळ्या कागदाला लागू देऊ नका. दिवाळीच्या साफसफाईत एकदा उघडून वाळवी-कसर बघा.

गठ्ठा अजून वाढतोय. जानेवारी २०२५ मध्ये युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा बारा कंटेनरमधून आमच्या शेजारच्या पिथमपुरात आला, तेव्हा इंदुरातले पेपर पुन्हा त्याच विषयाने भरले. ते मी कापले नाहीत. अख्खी पानं ठेवलीत, तारखेच्या पट्टीसकट, आणि अण्णांच्या कात्रणांपासून वेगळ्या पाकिटात.