मेमेरचं ‘वाईट’ फ्रेंच: सासरचं मेटी मूळ कसं शोधावं

सांगलीकडे आमच्या माहेरी दोन-चार वर्षांनी हेळवी यायचा. दारात बैल बांधायचा, ओसरीवर वही उघडायचा आणि खापरपणजोबापर्यंत सगळी नावं घडाघडा वाचून दाखवायचा. त्या वहीत माझं नाव नाही, आत्यांचंही नाही. पोरीच आम्ही.

कॅनडात विनिपेगला नवऱ्याच्या घराण्याचं मूळ शोधायला बसले तेव्हा हीच सवय नडली. त्याचे वडील, त्यांचे वडील अशी चढत गेले आणि सहा महिने नुसती क्युबेकची खेडी पालथी घातली. मूळ निघालं सासूबाईंच्या आईच्या आईकडे. म्हणून तुमचा नवरा, बायको किंवा जावई या भागातला असेल आणि घरात ‘आपण मेटी’ अशी कुजबुज असेल, तर आधी बायकांच्या बाजूनं चढा.

एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच काढून टाका. मेटी म्हणजे नुसते मिश्र रक्ताचे नव्हेत. फर व्यापारातले फ्रेंच आणि स्कॉटिश पुरुष, क्री आणि ओजिब्वे या मूळनिवासी जमातींच्या बायका, त्यांची मुलं, मग त्या मुलांची आपापसांत लग्नं, अशातून रेड नदीच्या काठी एक वेगळा समाज तयार झाला. बायसनची शिकार, नदीला लागून लांबट पट्ट्यांची शेतं, मिशिफ भाषा, सगळं स्वतःचं. १८८५ मध्ये त्यांचा पुढारी लुई रिएल सरकारविरुद्धच्या उठावापायी फाशी गेला. त्यानंतर कितीतरी घरांना ‘आम्ही फ्रेंच’ म्हणणंच सोयीचं पडलं. त्यामुळे डीएनए चाचणीवर पैसे घालू नका. मी घातले. मूळनिवासी अंश इतके टक्के, एवढंच कळलं. कुठला समाज, कुठलं गाव, काही नाही.

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा, पण ‘आपण मेटी का हो?’ असं थेट विचारू नका. मी विचारलं. ‘आम्ही फ्रेंच’ म्हणून सासूबाईंनी कप विसळायला घेतला. पुढे एकदा दोघी मटार सोलत होतो तेव्हा सहज विचारलं, तुमची मेमेर, म्हणजे आजी, चिडली की कुठल्या भाषेत बोलायची? ‘वाईट फ्रेंचमध्ये. आम्ही शाळेत तसं बोललो की नन हसायच्या.’ हे वाईट फ्रेंच म्हणजे मिशिफ: नामं बहुतेक फ्रेंच, क्रियापदं क्री. मग हळूहळू बाकीचं निघालं. नवीन वर्षाला मांसाच्या गोळ्यांचं सूप व्हायचं, मामा फिडल वाजवायचे, आजीच्या मोकॅसिनवर, म्हणजे मऊ कातडी जोड्यांवर, मण्यांची फुलं होती. सगळं त्याच दिवशी तारखेसकट लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच बाई ‘मी असं कुठे म्हटलं?’ म्हणतात.

मग कागद. जन्माचा छोटा दाखला कामाचा नाही. आईवडिलांची नावं असलेला मोठा मागवा. माझा पहिला अर्ज एवढ्याचसाठी परत आला. त्यानंतर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी. आडनाव एकाच स्पेलिंगनं शोधू नका. रिएलच्या आजोबांचं लाजिमोदिएर हे नाव लाजिमोनिएर असंही लिहिलेलं सापडतं. आणि बायकांना बरेचदा आडनावच नसतं, नुसतं ‘मार्गरित, सोतूज’, म्हणजे ओजिब्वे बाई. तिथे थबकू नका, खाण तिथेच आहे. पुरुष फर व्यापारातल्या हडसन्स बे कंपनीत नोकरीला असेल तर तिचं दप्तर विनिपेगमध्येच आहे, कोण कुठल्या ठाण्यावर किती वर्षं होता ते तिथे सापडतं. १९०१ च्या जनगणनेत कातडीच्या रंगाचा एक रकाना आहे. आमच्या पणजीपुढे तिथे ‘आर’ आहे, रेडचा. दहा वर्षांनी तीच बाई सरळ ‘फ्रेंच’ झाली.

सगळ्यात बोलका कागद म्हणजे स्क्रिप. जमिनीवरचा हक्क मिटवण्यासाठी सरकारनं मेटी माणसांना १६० किंवा २४० एकरांची, नाहीतर तेवढ्याच डॉलरांची चिठ्ठी दिली. त्यातल्या बहुतेक सटोडियांनी कवडीमोलानं उचलल्या. पण चिठ्ठीसाठी शपथेवर जबानी द्यावी लागे: जन्म कुठला, आई कोण, बाप कोण, मुलं किती, जिवंत किती. या जबान्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. आमच्या पणजीच्या जबानीत गेलेल्या चार मुलांची नावं आहेत, खाली कारकुनाच्या वळणदार अक्षरांत तिचं नाव, आणि नावाच्या मधोमध तिनं स्वतः काढलेली फुली. एक रेघ जाड, दुसरी घसरलेली. सासूबाईंनी पडद्यावर बोट ठेवून ती फुली गिरवली.

साखळी जुळली की विनिपेगच्या सेंट बोनिफेस भागातली ऐतिहासिक संस्था पैसे घेऊन वंशावळ नीट मांडून देते आणि मॅनिटोबा मेटी फेडरेशन या मेटींच्या संघटनेकडे कार्डासाठी अर्ज करता येतो. २००३ च्या पॉवली निकालात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं मेटी कोण हे ठरवायला तीन गोष्टी धरल्या: स्वतःला मेटी म्हणवणं, ऐतिहासिक समाजाशी पूर्वजांचं नातं, आणि आजच्या समाजानं आपलं म्हणणं. तिसरी कागदावर मिळत नाही. त्यासाठी फेब्रुवारीत लुई रिएल दिनाला जा, खुर्च्या लावा, भांडी घासा. मेटींचा विणलेला पट्टा कमरेला गुंडाळून पहिल्याच दिवशी भाषण ठोकणारे मी पाहिलेत; लोक तोंडावर हसतात आणि नंतर फोन उचलत नाहीत.

आणि तुम्ही माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या असाल तर हे मूळ मुलांचं आहे, तुमचं नाही. माझं काम फायली सांभाळणं आणि गाडी चालवणं.

नवऱ्याचं कार्ड आलं. सासूबाईंनी अजून अर्ज केलेला नाही, मीही फॉर्म पुढे सरकवत नाही. पण या एक जानेवारीला मी गोळ्यांचं सूप केलं, मुलांनी ‘मेमेर, चव बघ’ म्हणून वाटी नेऊन दिली. एक चमचा घेतला, मग उठून स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, गोळे पिठात घोळवले नाहीस ना, सरक तिकडे.